फुंकून ठेवलेल्या बाटल्या

"खोली वाजते हाय, पन तो उटत नाय." मामी फोनवर एवढंच बोलली. सकाळचे साडेनऊ झाले होते. मी बोईसरला एका छापखान्यात मजकूर तपासत उभी होते, बोटांना शाई लागलेली, आणि फोन कानाला धरून तिच्या मागचा आवाज ऐकत राहिले... टक. टक. मग जरा थांबून एकदम तीन-चार, कुणी नखाने डबा वाजवावा तसे. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शिरगावला मामाच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिच्यात सुके बोंबील ठेवत. गेली तीन वर्षं तिच्यात प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या होत्या, टोपणं घट्ट लावलेल्या, जमिनीपासून पत्र्यापर्यंत. ऊन वर चढलं की आतली हवा तापायची, बाटल्या फुगायच्या आणि एकेक करून वाजायच्या. संध्याकाळी पत्रा निवला की त्या आखडायच्या आणि पुन्हा वाजायच्या. मामा त्याच खोलीत खाटेवर झोपत असे. पहिला आवाज व्हायच्या आत तो रोज उठलेला असायचा. त्या दिवशी खोली त्याच्याआधी जागी झाली.

आज दीड महिना झाला. या पुरवणीत मी आजवर जे लिहिलं ते भांडणासाठी लिहिलं. हेही एका अर्थी भांडणच आहे, पण समोर मीच आहे.

जनार्दन माझ्या आईचा धाकटा भाऊ. गावात जनू, जहाजावर 'कुक'. घरचे सगळे बोटीवर मासेमारीला जाणारे, आणि हा मालवाहू जहाजांवर भात-डाळ शिजवायला गेला तो पंचविसेक वर्षं तिकडेच राहिला. सुट्टीवर आला की आधी बोईसरला आमच्याकडे उतरायचा. माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात कामगार, आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात खुर्च्या दोन आणि पत्रकांचे गठ्ठे आठ-दहा, त्यामुळे पाहुण्याला गठ्ठ्यावरच बसावं लागे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. शाळेत जायच्या आधी पत्रकांना घड्या घालायच्या, हा आमच्याकडचा नेम होता. मामा गठ्ठ्यावर बसून मला चिडवायचा, "काय गो पत्रकवाली, आज कोनाचा निषेध?" मी नाव सांगायचे. तो मान डोलवायचा, "कर, कर. पन त्याला आदी जेवू दे."

त्याच्या गोष्टी मात्र वेगळ्याच असत. दुसऱ्यांचे मामा परदेशातून परफ्यूम आणत, हा कचऱ्याच्या गोष्टी आणायचा. हॅम्बुर्गची गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकली होती की त्याच्या पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असे. तिथे पाण्याची बाटली घेताना दुकानदार बाटलीचे जास्तीचे पैसे आधीच लावून घेतो. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ते पैसे परत. मामाला हे माहीत नव्हतं. त्याने दुसऱ्याचं बघून बंदरावर सापडलेल्या दोन बाटल्या टाकल्या, चिठ्ठी बाहेर आली, गल्ल्यावरच्या बाईने चिठ्ठीचे पैसे दिले. "मी बोललो, बाई चुकली असंल. कचऱ्याचे कोन पैसे देतं? परत दिले तिला. ती परत मला देते." तिसरी बाटली त्याच्या खिशात चेपून बसली होती. मशीनने ती बाहेर ढकलली. चेपलेली बाटली मशीनला वाचता येत नाही. मागे रांग खोळंबली होती. मामाने तिथेच उभं राहून बाटली तोंडाला लावली, गाल फुगवले, फुंकून गोल केली, टोपण लावलं, परत आत सारली... आणि मशीनने घेतली. रांगेतली माणसं हसली. सांगताना तो खरोखर गाल फुगवून दाखवायचा, आणि मामी म्हणायची, "पुरे, फुटशील."

जपानमधल्या एका बंदरावर उलटंच. तिथे गोदीतल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने त्याची कचऱ्याची पिशवी हातात परत दिली होती, कारण टोपणं काढली नव्हती. "टोपन येगलं, कागद येगला, बाटली धुवून येगली. तो एक शबुद बोलला नाय. नुसता वाकला आनि पिशवी परत. मला आईनं मारल्यागत वाटलं." मोंबासाला फाटकावरच हातातली केळ्यांची प्लास्टिकची पिशवी काढून घेतली. त्या देशाने पिशवीच बंद केली होती, दंड मोठा, तुरुंगही. "मंग केली टोपीत घेऊन आलो. कॅप्टन विचारतो, डोक्याला काय झालं?" माझ्या वडिलांनी मला भांडवल आणि श्रम समजावले, पण कचऱ्याचं अर्थकारण मला या स्वयंपाक्याने शिकवलं. जर्मनीत गिऱ्हाईक आधी पैसे ठेवतं आणि दुकानाला बाटली परत घ्यावीच लागते. जपानमध्ये ते काम घरातल्या माणसांच्या हातांनी होतं. केनियात सरकारच्या धाकाने. आणि आपल्याकडे? आपल्याकडे कंपनीवर जबाबदारी टाकणारा नियम आहे. तिने जितक्या वजनाचं प्लास्टिक बाजारात ओतलं, तितक्या वजनाचं कुठेतरी कुणीतरी गोळा केल्याचा दाखला तिने विकत घ्यायचा. वजन कागदावर जुळतं. शिरगावच्या वाळूतली बाटली वाळूतच राहते, आणि तिला उचलतो तो बोईसरचा भंगारवाला, ज्याचं नाव कुठल्याच दाखल्यावर नसतं.

एक गोष्ट मामा हसून सांगत नसे. शेवटच्या काही फेऱ्यांत त्यांच्या जहाजावर प्लास्टिक कचऱ्याच्या गासड्यांचे कंटेनर असायचे. श्रीमंत देशांनी वेगळा करून, धुऊन ठेवलेला कचरा. आधी तो चीनला जायचा. चीनने दार लावलं, मग तो या बंदरातून त्या बंदरात फिरायला लागला. "आमी वरती भात शिजवतो, खाली सगल्या देशांचा कचरा. कुनाचा हाय ते कोन सांगत नाय. दुपारी तापलं का आतून वाजायचं. टकटक. नवीन पोरं घाबरायची, बोलायची आत मानूस हाय." मग आवाज उतरवायचा. "मी पन एकदा कान लावला."

फुप्फुसं बिघडली म्हणून तो कायमचा घरी आला. शिरगावच्या किल्ल्याच्या बाजूने किनाऱ्यावर फिरायला लागला. पाऊस संपता संपता समुद्र जे काही परत देतो ते त्याने तिथे रोज बघितलं. आपल्याकडच्या बाटल्या, आणि मधूनच जहाजांवरून फेकलेल्या, चिनी नाहीतर अरबी अक्षरांच्या, बुडाला शिंपले चिकटलेल्या. गावातली माणसं त्याला परक्या बाटलीचा देश विचारायची आणि तो सांगायचा. तोवर त्याने एकही घरी आणली नव्हती.

मग मी ते पत्रक लिहिलं.

'बाटलीला मोल द्या' असं त्याचं नाव. बोईसर, उमरोळी, पालघर, सफाळे, सगळ्या स्टेशनांबाहेर आम्ही ते वाटलं. मला ते फार चांगलं साधलं होतं. हॅम्बुर्गचं मशीन त्यात होतं, मामाचं नाव न घेता. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'पालघर जिल्ह्यात प्रत्येक रिकाम्या बाटलीचे पैसे परत मिळणार. बाटली जपून ठेवा.' ती मागणी होती. पण मागणी झालीच आहे अशा थाटात लिहायची, ही आम्हा पत्रकं लिहिणाऱ्यांची जुनी खोड. माझे वडीलही 'कामगार जिंकला' असं संपाच्या पहिल्याच दिवशी छापायचे. वाचणाऱ्या कामगारांना ते कळायचं. मामाला नाही कळलं. त्याने ते मशीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्यासाठी ती बातमी होती, आणि उशिरा आलेली बातमी.

महिन्याभराने मी शिरगावला गेले तेव्हा बोंबलांच्या खोलीची एक भिंत भरली होती. मामा ओट्यावर बसून बाटल्या फुंकत होता. वाळूत, गाडीखाली, पायाखाली चेपलेल्या बाटल्या. धुवायची, झटकायची, तोंडाला लावायची, गाल फुगवायचे, कडक आवाज करत ती गोल व्हायची, आणि हवा सुटायच्या आत टोपण. मग खोकला. मग पुढची. "चेपलेली घेत नाय मशीन," तो मला म्हणाला, जणू मला हे माहीत नव्हतं. "कदी येते?"

मी म्हणाले, "येईल."

हा एक शब्द मी तीन वर्षं म्हणत राहिले. प्रत्येक वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं, मामा, ते नुसतं पत्रक होतं रे. पण खोलीत पाऊल टाकलं की पुन्हा 'येईल' म्हणून मोकळी व्हायचे. बाटल्या त्याने देशादेशाच्या लावल्या होत्या, आपल्या वेगळ्या, परक्या वेगळ्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. त्यांच्यामधून खाटेपर्यंत जायला एक बोळ. ऊन सरकेल तसा आवाज सरकायचा, आधी पूर्वेची भिंत, मग डोक्यावर, मग पाठीमागे. मध्येच सगळं थांबायचं, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं, कारण तेव्हा कळायचं की आपणही श्वास धरलाय. एकदा मी भरदुपारी एकटीच तिथे उभी होते. हात सहज एका बाटलीला लागला. ती कोमट होती आणि ताठ, ताप आलेल्या माणसाच्या पोटासारखी. मी हात काढला आणि ती वाजली.

गावाने त्याची टर उडवली. "जनू, जर्मनीचा भाव आला काय?" मामा म्हणायचा, "येल तवा रांगेत मागं उबा रा." पालघरच्या डॉक्टरने फुंकणं बंद करायला सांगितलं. मामीने ते मला सांगितलं, मामासमोरच. मी लगेच रागावले, की मामा, हे काय चाललंय, तब्येतीशी खेळ नको. तो तोंडात लवंग धरून बसला होता. खोकला दाबायला तो सदोदित लवंग चघळायचा. म्हणाला, "तू लिवलंस, जपून ठेवा. मी जपतोय." त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं झालं असतं. तो नव्हता.

शेवटची मी त्याला भेटले ते गणपतीत. पाऊस उघडून ऊन पडलं होतं. मामा खाटेवर उठून बसला होता, हातात सोड्याची हिरवी बाटली, एका अंगाला पार चेपलेली. दोनदा तोंडाला लावली. दोनदा गालच भरले, पुढे काही गेलं नाही. त्याने ती माझ्यापुढे धरली. "तू फुंक."

मी फुंकली. तोंडात लवंगेची चव आली. बाटली माझ्या हातात कडकडत गोल झाली. "बस," तो म्हणाला, "आता टोपन लाव. पटकन. सुटंल." मी लावलं. त्याने ती वाजवून बघितली, समाधानाने मान हलवली, आणि माळ्याच्या फळीकडे बोट दाखवलं. मी स्टुलावर चढून ती मागे सारली. तिथून खाली बघताना तो इतका लहान दिसला... सांगायचं असेल तर आत्ता, असं मला वाटलं. मी स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की येतंय, मामा."

तो गेल्यावर बाराव्यापर्यंत मी तिथेच होते. येणारी माणसं ओट्यावर बसायची, बोलता बोलता मागच्या खोलीत टक झालं की वळून बघायची. एक शेजारीण मला हळूच म्हणाली, "येवड्या बाटल्यांत त्याचाच जीव भरलेला हाय गो." ती सहज बोलली. पण मी तोवर हा हिशोब केला नव्हता. ज्या माणसाला शेवटी चार पावलं चालायला दम पुरत नव्हता, त्याचा दम आत भिंतीला लावून ठेवलेला होता, टोपणं घट्ट, सकाळी फुगणारा, संध्याकाळी ओसरणारा. आणि मामी रोज सकाळी, पहिला आवाज झाला की, चुलीपासून सवयीने विचारायची, "उटलास?" मग तिचं तिलाच आठवायचं.

बाराव्यानंतर ती मला म्हणाली, "मी त्याला बोललेली, मशीन नाय येत, पोरी लिवतात असंच." मी विचारलं, मग? "मंग काय. बोलला, छापलेलं हाय. जहाजावर छापलेलं असंल तेच खरं, बाकी सगली हवा, असं बोलला."

बोंबील वाळत घालायचे दिवस जवळ आले होते. मामीचं पोट सुक्या मासळीवर आहे आणि मासळी ठेवायला तिला खोली हवी. पण ती आत जायला धजत नव्हती. "तुज्या मामाची खोली तूच मोकली कर," एवढंच म्हणाली. मी बोईसरहून रामसजीवनला बोलावलं. वडिलांच्या कारखान्याबाहेर त्याचं भंगाराचं दुकान आहे. त्याने आत डोकावून शीळ घातली. "दीदी, ये तो सब हवा भर के रखा है। ढक्कन खोलना पड़ेगा, नहीं तो दबेगा नहीं।" मी विचारलं, सगळी? "सगळी. ढक्कन का माल अलग, बोतल का अलग।" जपानच्या पहारेकऱ्याने वाकून जे सांगितलं तेच हा विडी विझवून सांगत होता. मी म्हटलं, रॅपर, पुड्या पण नेणार का, त्यापण आहेत थोड्या. आमचं हॅम्बुर्गवालं पत्रक त्याच्याही दुकानात गेलेलं. तो हसला. "पुड़िया कौन लेगा? वो तो जर्मनी वाला भी मेरे पास ही भेजेगा।"

पहिलं टोपण त्याने उघडलं. फस्स... बारीक, दमलेला आवाज. दुसरं. तिसरं. त्याचे हात सराईत, पटापट. खोलीत हळूहळू लवंगेचा वास भरला. रामसजीवनलाही तो आला असावा, कारण एकदा त्याने हातातली बाटली नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि वेग कमी केला. मी दाराशी उभी. माझ्याच्याने एकही उघडवेना. तेव्हा मामी आत आली. पदर खोचला, जमिनीवर बसली, मासे साफ करायला बसते तशी, आणि बाटल्या मांडीत घेऊन उघडायला लागली. प्रत्येक बाटली उघडायच्या आधी तिचं तोंड समुद्राच्या बाजूच्या खिडकीकडे करायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. रामसजीवनने थोडा वेळ ते पाहिलं आणि मग तोही खिडकीकडे तोंड करूनच उघडायला लागला. दुपार उलटेपर्यंत टोपणं उघडणं चालू राहिलं. टेम्पो भरून गेला तेव्हा खोलीत खाट होती, आणि भिंतींवर बाटल्यांच्या बुडांचे गोल गोल डाग.

मी त्या रात्री तिथेच राहिले. सकाळी ऊन पत्र्यावर आलं. मी आणि मामी चहा घेत होतो, आणि दोघीही ऐकत होतो, हे दोघींना माहीत होतं. काही नाही. पत्रा तापला, काही नाही. मामीने कप खाली ठेवला.

टक.

ती उठली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मामा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ती चुलीकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उटलास?"

मी आत जाऊन स्टुलावर चढले. माळ्यावर मागे, अंधारात, सोड्याची हिरवी बाटली होती. कोमट, ताठ. मी ती तशीच ठेवून खाली आले. मामीने विचारलं, "हाय ना?" मी म्हणाले, "हाय." तेव्हापासून रोज सकाळी ती त्या खोलीशी बोलते, बोंबलांच्या टोपल्या रचता रचता. परवा फोनवर सांगत होती, "आज उशिरा उटला, ढग हाय ना." ती आता दोन वेळा जेवते. तिला झोप लागते. मी पुन्हा एक शब्द उच्चारून आले होते आणि पुन्हा कुणीतरी तो जपून ठेवला होता.

मामी, तुला वाचता येत नाही, पण ही पुरवणी शिरगावात येते आणि शेजारीण तुला हे वाचून दाखवेल. मशीन येणार नव्हतं. येणार असं मी लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. त्याचा दम माझ्या ठळक अक्षरांत गेला. ते मशीन इथे यावं म्हणून मी भांडत राहीन, पण आलंय असं पुन्हा लिहिणार नाही. आणि माळ्यावरच्या त्या हिरव्या बाटलीत मामा नाही. ती मी फुंकलेली आहे, गणपतीत, त्याच्यासमोर. त्याच्याने झालं नाही म्हणून.

हे आता छापलेलं आहे. टोपण उघडायचं की नाही, ते तू ठरव.